सूं की हूं

टायरवाल्याकडे गेलं की माणूस चाकाकडे बोट दाखवतो आणि बाजूला उभा राहतो. कानसेनांच्या दुकानात ही सोय नव्हती. तिथे गिऱ्हाइकाला आधी तोंडानं आवाज काढून दाखवावा लागे. "काय बिघडलंय ते तुम्ही सांगू नका," कानसेन म्हणत, "ते मी सांगेन. तुम्ही फक्त गाडी काय म्हणते ते म्हणून दाखवा." मग एरवी चारचौघांत शिंकायलाही लाजणारी माणसं त्या दुकानाच्या दारात उभी राहून खड् खड् खड् करत. बँकेच्या मॅनेजरबाईंनी एकदा 'घर्रर्र' काढताना रुमालानं तोंड झाकलं, तर कानसेनांनी त्यांना रुमाल खाली घ्यायला लावला. चष्म्याच्या दुकानाचे मालक तर भर दुपारी पाच मिनिटं 'चुईंक' करत होते, कारण पहिले चार चुईंक कानसेनांना पटले नव्हते.

'कानसेन' हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तरुणपणी ते एकदा रस्त्याकडे पाठ करून पंक्चर काढत बसले होते. मागून एक ट्रक गेला. मान न वळवता ते म्हणाले, "मागच्या डाव्या जोडीतल्या आतल्या टायरात हवा नाही." चहा पीत बसलेला कुणीतरी पैजेवर धावत गेला, त्यानं ट्रक थांबवला, आणि आतला टायर खरंच बसलेला निघाला. ट्रकवाला म्हणाला, "गाणारा तानसेन ऐकून होतो, हा ऐकणारा कानसेन आज पाहिला." झालं. तेव्हापासून खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं.

दुकान म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी जागा. एका भिंतीला टायरांच्या उतरंडी, कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर, पंक्चर बघायची पाण्याची घमेली, आणि टेबलावर एक जाडजूड वही. तिला ते आवाजवही म्हणत. तिच्यात गाडीचा नंबर, तारीख आणि आवाज, एवढंच लिहिलेलं असे. 'टक् टक्, वेगाबरोबर वाढतो' म्हणजे टायरच्या नक्षीत अडकलेला खडा. 'खुळुक' म्हणजे चाकाचे नट ढिले. 'हूं' म्हणजे बेअरिंग गेलं. 'सूं' म्हणजे टायरच वेडावाकडा झिजला. पुढचं काम त्या एका अक्षरावरून चाले, आणि चाळीस वर्षांत ते चुकलं नव्हतं. निदान कानसेनांचं म्हणणं तसं होतं, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला लागतो तेवढा दम गावात कुणाकडे नव्हता.

दुकानात त्यांच्या जोडीला मुलगी होती. तिचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती, सासर चार रस्ते पलीकडे होतं, आणि सकाळी पोरीला शाळेत सोडून ती थेट दुकानात येई. चाकं सरळ आहेत की नाहीत ते पडद्यावर दाखवणारं अलाइनमेंटचं मशीन तिनंच हट्टानं आणलं. कानसेन त्याला टीव्ही म्हणत. "तुझ्या टीव्हीला विचार," हे त्यांचं टोमण्याचं वाक्य ठरलेलं होतं. मुलगी उत्तर देत नसे, काम करी. वादात जिंकण्यापेक्षा काम संपवलेलं बरं, हे शहाणपण तिनं बहुतेक सासरी मिळवलं असावं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मलाच कसंतरी होतंय. कानसेनांना ऐकू येईनासं झालं होतं.

सगळंच नव्हे. ट्रक ऐकू येई, हातोडा ऐकू येई, बायको रागावली की तीही येई. गेले होते ते बारीक, टोकदार आवाज. दीड वर्षापूर्वी एकदा टायरात हवा भरताना नळी वॉल्व्हवर नीट बसली नव्हती, आणि सगळी हवा बाहेर जात असताना कानसेन शांतपणे बाजूला बघत होते. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक टायरावर साबणाचं पाणी टाकून फुगे बघू लागले. "शास्त्र म्हणून," ते म्हणाले. घरी टीव्हीचा आवाज वाढला, त्याचं कारण त्यांनी बायकोला असं दिलं की शेजाऱ्यांना बातम्या कळल्या पाहिजेत. दुकानात 'परत करा, नीट करा' जास्त होऊ लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली तर आत काय निघेल, या विचारानं त्यांना घाम फुटे. माणसाचं नावच कानावर असेल आणि कान गेले, तर मागे काय राहतं? सेन?

असं सगळं सांभाळून चाललेलं असताना विहीणबाईंनी विजेची गाडी घेतली.

विहीणबाई म्हणजे मुलीची सासू. जन्म कोर्टात स्टेनो म्हणून गेला. साक्षीदार जे बोलला ते आणि तेवढंच कागदावर उतरवायचं, हा त्यांचा धर्म. 'सुमारे' आणि 'साधारण' यांतला फरक त्यांना कळे, आणि तो समोरच्यालाही कळावा अशी त्यांची इच्छा असे. निवृत्त झाल्या तरी पर्समधली छोटी वही आणि टोक काढलेली पेन्सिल सुटली नव्हती. वाण्याकडे गेल्या तरी नोंद होई.

आणि ही विजेची गाडी! पेट्रोलच्या गाडीत इंजिन एवढं गुरगुरतं की चाकांचं दुखणं त्यात झाकलं जातं. विजेच्या गाडीला इंजिनच नाही. त्यामुळे चाक जरा कण्हलं तरी आत बसलेल्याला ऐकू येतं, आणि आत बसलेल्या विहीणबाई असतील तर त्याची नोंद होते.

तीन महिन्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या. दारात उभ्या राहून, ओठ नीट जुळवून, कोर्टाला शोभेल अशा गांभीर्यानं म्हणाल्या, "सूं."

कानसेनांच्या कानात 'स' शिरलाच नाही. त्यांना ऐकू आलं 'हूं'. त्यांनी वहीत 'हूं' लिहिलं आणि पुढचं डावं बेअरिंग बदललं. महिन्याभरानं बाई परत आल्या. "अजूनही सूं." "हूं? मग उजवं असणार," असं म्हणून कानसेनांनी उजवं बेअरिंग बदललं. पेशंटचं दुखतंय पोट आणि डॉक्टर एकेक करून दोन्ही डोळे तपासतोय, असा प्रकार चालला होता. दुसऱ्या टायरवाल्याकडे जावं तर नात्यात कडवटपणा. मुलीनं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आईंच्या गाडीला मी हात लावणार नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर इकडची की तिकडची, असं मला व्हायचं नाही. तुमचं तुम्ही व्याही-विहीण बघून घ्या." हे बोलणं शहाणपणाचं होतं. शहाणपणाची बोलणीच कधीकधी महागात पडतात.

तिसऱ्यांदा विहीणबाई आल्या त्या मंगळवारी सकाळी, आणि या वेळी आवाज काढायला नव्हे.

"व्याही, मी चाकंच बदलायची ठरवली आहेत," त्या म्हणाल्या. "टायर आणि रिम, दोन्ही. हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात त्यांच्याच गाडीचा फोटो होता, पण खाली दोन मापांनी मोठी, काळी कुळकुळीत, तलवारीच्या पात्यांसारख्या आऱ्या असलेली चाकं.

कानसेनांनी फोटो पाहिला, बाईंकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. जन्मभर पांढऱ्या आणि करड्या रंगापलीकडे न गेलेली ही बाई, आणि तिला हा शौक?

"छान दिसतात की नाही?" बाई म्हणाल्या. आवाजात थोडा लाजरेपणा होता. तो कानसेनांना ऐकू आला नाही, पण दिसला.

"दिसतात छान. घोड्यावर बसलेल्या नवरदेवाचे बूटही छान दिसतात, पण ते घालून शेत नांगरता येत नाही." कानसेन खुलले. निवडीचा प्रश्न आला की त्यांना कानांची गरज नसे, आणि गेल्या दीड वर्षात असे प्रसंग त्यांना फार आवडू लागले होते. "बसा. सांगतो. रिम मोठी घेतली की टायरची जाडी कमी होते, कारण चाकाची एकूण उंची तीच ठेवावी लागते. म्हणजे रबराची गादी पातळ. खड्ड्यात गेलात की धक्का थेट रिमला आणि तुमच्या मणक्याला. शिवाय मोठं चाक जड. आज एकदा चार्ज करून जेवढं जाता, त्यातले बरेच किलोमीटर ही शोभा खाईल."

बाई पेन्सिलीनं लिहीत होत्या. "बरेच म्हणजे किती?"

"बरेच म्हणजे वाटेत कुणाच्या तरी घरी चार्जिंगला थांबून चहा प्यावा लागेल इतके. आणि टायर? विजेच्या गाडीच्या पोटात बॅटरीचं धूड असतं. तुमच्या जुन्या गाडीपेक्षा ही तीन-चार माणसांनी जड. पाय दाबला की सगळा जोर एकदम चाकावर येतो, म्हणून रबर लवकर झिजतं. टायरच्या कडेला हा आकडा छापलेला असतो, तो किती वजन पेलतो त्याचा. तो कंपनीनं दिलाय त्यापेक्षा खाली जाता कामा नये. माप जुळलं म्हणून कुठलाही टायर चढवला, असं इथे चालत नाही. काही टायरांच्या आत स्पंजचा पट्टा चिकटवलेला असतो, आवाज गिळायला. तो घ्या."

"म्हणजे आवाज टायरचाच असतो," बाई म्हणाल्या.

कानसेन थबकले.

"नाही, म्हणजे, तुमच्या गाडीत बेअरिंगचा होता."

"बेअरिंग दोन बदलली. आवाज तिथेच आहे. व्याही, मला एवढंच ठरवायचं आहे की हा आवाज चाकांचा आहे की नाही. चाकांचा असेल तर बदलण्यात अर्थ आहे. नसेल तर नुसत्या शोभेसाठी मी बदलणार नाही. तुम्ही एकदाही गाडीत बसून ऐकलेलं नाही. आज बसा आणि ऐका."

मुलगी पलीकडे एका चाकाला बॅलन्सिंगची शिशाची वजनं ठोकत होती. तिचा हातोडा थांबला. कानसेनांनी कॉम्प्रेसरकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, गिऱ्हाईक यावं म्हणून पाहिलं. त्या क्षणी सगळ्या गावाच्या गाड्या ठणठणीत होत्या. ते विहीणबाईंशेजारी जाऊन बसले.

आता या प्रसंगात कानसेनांनी काय केलं असेल? जे कुठलाही घाबरलेला जाणकार करतो ते. त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर ठेवले, मान थोडी तिरकी केली, आणि चेहऱ्यावर असा भाव आणला की आता पृथ्वी फिरते त्याचा आवाजही यांना कळेल. गाडी निघाली. वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली. वेग वाढला. विहीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. आत्ता काहीतरी ऐकू येऊ दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. सूं, हूं, काहीही.

बऱ्याच वेळानं बाईंनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"काय ऐकलंत?"

कानसेनांनी हळूच डोळे उघडले. "विहीणबाई, इतकी शांत गाडी मी आयुष्यात ऐकली नाही. तळ्याकाठी बसल्यासारखं वाटलं. फक्त पुढून, अगदी खोल, एक हूं..."

"आणि ते टिंग टिंग?"

"कुठलं टिंग टिंग?"

"तुम्ही सीटचा पट्टा लावलेला नाही, व्याही. निघाल्यापासून ही गाडी बोंबलते आहे. सात मिनिटं. वेग वाढला तसा तिनं आवाजही वाढवला. मला स्वतःचे विचार ऐकू येईनात, आणि तुम्ही तळ्याकाठी बसला होतात."

कानसेनांनी समोर पाहिलं. काचेखाली पट्टा लावलेल्या माणसाचं लाल चित्र लुकलुकत होतं. कितीतरी वेळ लुकलुकत असणार.

बाईंनी पर्समधून वही काढली. "अकरा तारखेला मी म्हणाले सूं. तुम्ही परत म्हणालात हूं, आणि हूं लिहिलंत. पुढच्या महिन्यात नऊ तारखेला मी म्हणाले सूं, तुम्ही म्हणालात हूं. त्याच दिवशी मी म्हणाले 'साखर कमी', तुम्ही म्हणालात 'खरंय'. गेल्या महिन्यात नातीचा फोन आला, तुम्ही तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, 'तुमच्याशीच बोलायचंय म्हणते.' तसं ती म्हणाली नव्हती. मी तेहतीस वर्षं साक्षी उतरवल्या. खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले. पण इतकी मेहनत घेऊन इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदा आलाय."

सोनारानंच कान टोचलेले बरे म्हणतात. ते म्हणणाऱ्याचे कान बहुतेक टोचलेले नसावेत. कानसेनांना फार लागलं. "गाडी वळवा," ते म्हणाले. "चारही चाकं उतरवतो आणि दाखवतो तुम्हाला. टायर ठीक निघाले तर ही वही मला द्यायची."

गाडी दुकानात शिरताच कानसेनांनी हुकूम सोडला, "चारही चाकं काढ." मुलीनं एकदा सासूकडे आणि एकदा बापाकडे पाहिलं, आणि आपलाच नियम मोडून जॅक घेतला. पुढची दोन चाकं निघाली. टायर जरा झिजलेले, पण बरे होते. कानसेनांनी विजयी मुद्रेनं बाईंकडे पाहिलं. मागचं डावं निघालं. तेही चालण्यासारखं होतं. मग मागचं उजवं चाक मुलीनं ओढून काढलं आणि जमिनीवर आडवं टाकलं, आतली बाजू वर.

बाहेरून पाहणाऱ्याला तो टायर चांगला दिसला असता. नक्षी जागच्या जागी होती. आतल्या कडेला मात्र नक्षी नव्हतीच. रबर गुळगुळीत होऊन पुढे फाटलं होतं, आणि त्यातून तारा बाहेर आल्या होत्या. कानसेनांनी सवयीनं तळवा फिरवला, तर एक तार टचकन टोचली.

ते तिथेच बसले. चाळीस वर्षं टायर पाहिलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. मोठ्या रस्त्यावर, वेगात, हा टायर एखाद्या दिवशी फुटला असता. एखाद्या दिवशी म्हणजे या आठवड्यातही. तीन महिने हे चाक सूं सूं करून सांगत होतं, बाई ते इथे येऊन सांगत होत्या, आणि कानसेनांनी पुढचीच चाकं काढून बघितली. मागे कशाला बघायचं? कानानं सांगितलं होतं ना पुढे! त्यांनी मान वर केली. उघड्या दारातून मागची सीट दिसत होती. उजव्या बाजूला, बरोबर त्या चाकाच्या वर, नातीची छोटी खुर्ची बांधलेली होती. खुर्चीत बिस्किटाचा चुरा आणि एक मोजा पडला होता.

कानसेनांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. लपवायचा कंटाळा आला होता.

"मला ऐकू येत नाही," ते मुलीला म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. गिऱ्हाईक बारीक आवाज काढतं तेव्हा तो मी जाड आवाजात परत काढते, तुमच्या पाठीमागून. तुम्हाला वाटतं गिऱ्हाइकानंच परत काढला. संध्याकाळी वही घेऊन बसते, आणि जिथे शंका येते ती गाडी परत बोलावते. टीव्हीवर बघते." ती सासूकडे न बघता म्हणाली, "फक्त ही एक गाडी मी सोडली."

"मग मला बोलली का नाहीस?"

मुलीनं पाना खाली ठेवला. "तुम्ही ऐकलं असतं का?"

ऐकणं हा शब्द आपल्याकडे दोन कामं करतो, आणि कानसेनांचं दुसरं ऐकणं तर कान चांगले असतानाही यथातथाच होतं. विहीणबाईंनी पर्स उघडली. आता ही नोंदही होते की काय, असं मुलीला वाटलं. बाईंनी रुमाल काढला आणि व्याह्यांच्या टोचलेल्या हातावर ठेवला.

"आता रडणं पुरे," त्या म्हणाल्या. "माझ्या काळ्या चाकांचं काय?"

कानसेनांना हसू फुटलं. असलं हसू माणसाला वेळेवर मिळालं तर त्याची निम्मी दुखणी परस्पर जातील. डोळे पुसून ते उठले आणि टायरांच्या उतरंडीकडे गेले. मुलीनं गाडी मशीनवर घेतली. मागचं उजवं चाक बाहेर तोंड करून चालत होतं, हे पडद्यानं दोन मिनिटांत सांगितलं. पूर्वी कधीतरी खड्ड्यात आपटल्याचा प्रताप. "तुझ्या टीव्हीला विचार," कानसेन सवयीनं म्हणाले, आणि मग जरा थांबून, "आणि तो काय म्हणतो ते मला मोठ्यानं सांग."

निवड करायला दुपार झाली. कानसेनांनी तीन प्रकारचे टायर मांडले, वजनाचा आकडा वाचून एक तिथेच बाद केला, आणि उरलेल्या दोघांच्या कडा दोन्ही तळव्यांत दाबून पाहिल्या. मग आत हात घालून स्पंजचा पट्टा चाचपला. "हा," ते म्हणाले. "याची कड भक्कम आहे, वजन पेलेल. पट्टा नीट चिकटलाय. रबर मऊ आहे, पण फार मऊ नाही." बाईंनी टायरवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाल्या, "आवाज थबथबीत येतो. दुसरा खणखणतो." कानसेनांनी थबथबीत हा शब्द मनात घोळवून पाहिला. त्यांच्या वहीत तो नव्हता.

चाकांवर मात्र घासाघीस झाली. कानसेन मोठी रिम चढवायला तयार नव्हते आणि बाई काळा रंग सोडायला तयार नव्हत्या. शेवटी मुलीनं कंपनीच्याच मापाच्या, वजनाला हलक्या, काळ्या रिम शोधून काढल्या. आऱ्या तलवारीसारख्या नव्हत्या, फार तर चाकूसारख्या होत्या. बाईंनी तेवढ्यावर तडजोड केली.

माल संध्याकाळी येणार होता, आणि तोवर गाडी हलणार नव्हती. तेवढ्यात चष्मेवाले आले. दारात उभे राहून, इकडेतिकडे बघून, त्यांनी नेहमीसारखा आवाज काढला. कानसेनांना नुसते त्यांचे ओठ हललेले दिसले. मागे मुलगी घसा साफ करतेय, हेही त्यांना आज कळलं. त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"जरा मोठ्यानं काढा," ते चष्मेवाल्यांना म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी एका दमात टाकलं. "मला कमी ऐकू येतं."

चष्मेवाल्यांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांना 'मला नीट दिसत नाही' असं म्हणताना ऐकलेला माणूस तो. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं छाती भरून घेतली आणि असा काही 'चुईंक' काढला की समोरच्या फुटपाथवर दोन माणसं थांबली. "ब्रेकची पट्टी," कानसेन म्हणाले. "टायरचा नाही. शेजारी मेकॅनिककडे जा." चष्मेवाले जाताना म्हणाले, "कानांचा डॉक्टर माझ्या दुकानाच्या वरच बसतो. उद्या अकराला तुमचं नाव लावून ठेवतो." एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही. दीड वर्ष ज्या वाक्याला ते घाबरत होते, त्याचा निकाल 'उद्या अकरा' असा लागला.

संध्याकाळी उजेड असतानाच चाकं चढली. मुलीनं नट दोनदा तपासले, कानसेनांनी तिसऱ्यांदा. विहीणबाई काळ्या चाकांभोवती एक फेरी मारून आल्या आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. मग त्या स्टिअरिंगवर बसल्या. "चला, व्याही."

कानसेन बसले. पट्टा लावला. गाडी त्याच रस्त्याला लागली, तोच वेग घेतला. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. गाडीच्या तळावर दोन्ही पावलं टेकवून ते बसून राहिले. तळव्यांना थरथर जाणवत नव्हती.

"काही ऐकू येतंय?" बाईंनी मोठ्यानं विचारलं.

"नाही."

"मलाही नाही."

कानसेनांनी त्यांच्याकडे पाहिलं. टायर कितीही चांगला असला तरी रस्त्यावर अगदी मुका कधी चालत नाही. काहीतरी बोलतोच. हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं, आणि तेहतीस वर्षं साक्षी उतरवलेल्या बाईंना तर तो आवाज हमखास ऐकू येत असणार. बाई समोर बघत गाडी चालवत होत्या. चेहरा सरळ होता. वही पर्समध्ये होती, आणि पर्स मागच्या सीटवर.

"फार शांत गाडी आहे," कानसेन म्हणाले.

"फार," विहीणबाई म्हणाल्या.